चेनवरचा कर

दप्तरं शिवणाऱ्या त्या बाईंना सगळे दप्तरवाल्या ताई म्हणत. चार मशिनं, चार बायका आणि बाहेरच्या देशातून येणाऱ्या चेनी, एवढ्यावर त्यांचा कारखाना चालायचा. मग देशातल्या बड्या चेन कारखान्याच्या मालकाने सरकारकडे लकडा लावला, की बाहेरच्या चेनींवर जबर कर बसवा. चौकाचौकांत फलक लागले, 'आपली चेन, आपला मान.' लोकांना ते भावलं. ताईंच्या सख्ख्या दिराने तर न विचारता त्याच घोषणेचा कागद ताईंच्या कारखान्याच्या दारावरच चिकटवला. सगळेच लावतायत, वहिनी, म्हणाला.

सरकारने समिती नेमून सुनावणी ठेवली. ताई दोन दप्तरं घेऊन गेल्या. चेन कारखान्याचा मालक समितीच्याच टेबलाशी चहा पीत बसला होता. तो तासभर बोलला. ताईंच्या वाट्याला शेवटची दोन मिनिटं आली. त्यांनी दोन्ही दप्तरं अध्यक्षांपुढे सरकवली आणि नुसती उघडून बघा म्हणाल्या. बाहेरची चेन सर्रकन उघडली. देशी चेन अर्ध्यावर अडली ती अडलीच.

निघताना अध्यक्षांनी त्यांना जिन्यात गाठलं.

"तुमचं बरोबर आहे, ताई. पण लोकांना हा कर हवाय. त्यांच्या विरोधात कोण जाणार?"

"लोकांना हे दप्तर कुणी दाखवलंय का?"

अध्यक्षांनी घड्याळात पाहिलं आणि ते खाली उतरले.

कर बसला. बाहेरून येणाऱ्या तयार दप्तरांवर मात्र बसला नाही, कारण मोठ्या दुकानदारांनीही आपलं वजन वापरलं होतं. म्हणजे नुसती चेन आणली तर कर, तीच दप्तराला लागून आली तर माफ. पेपरात वाचूनही ताईंना आधी खरं वाटेना.

शाळा उघडायच्या सुमारास दुकानांत बाहेरच्या दप्तरांचे ढीग लागले. ताईंनी नाइलाजाने देशी चेनी लावल्या आणि महिन्याभरात दप्तरं परत यायला लागली. आपल्या लोकांना कामच धड येत नाही, असं आया तोंडावर म्हणायच्या. ताईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी चारपैकी दोन बायका त्यांना कामावरून कमी कराव्या लागल्या.

त्या पुन्हा सरकारी कार्यालयात गेल्या. विषय बंद झालाय, पुढची समिती बसेल तेव्हा अर्ज करा, असं कारकुनाने सांगितलं. कधी बसेल ते त्यालाही ठाऊक नव्हतं. ताई बाहेरच्या बाकावर टेकल्या आणि तिथल्या तिथे अर्ज लिहायला लागल्या. पेन इतकं दाबून चालत होतं, की कागद दोनदा फाटला. कारकुनाने तिसरा आणून दिला.