साखरबाईंचा मुतखडा

मित्रांनो, नाकं मुरडू नका! मी मुतखडा आहे, आणि चांगला सात वर्षं जुना आहे. पिंपळीच्या साखरबाईंच्या उजव्या मूत्रपिंडात माझा जन्म झाला. बाई दिवसभर उसात खुरपायच्या आणि पाणी प्यायचं विसरायच्या. मग काय, मी कणाकणाने वाढलो. मला पाडायला हुलग्याचं माडगं पिऊन झालं, पानफुटीचा रस पिऊन झाला. मी काही हललो नाही.

पुढे माझ्या पापुद्र्यांत जंतू येऊन राहिले. खरं सांगतो, मला बरं वाटलं. तेवढीच सोबत! पण बाईंना अधूनमधून हुडहुडी भरून ताप यायचा. लघवी तपासली की 'जंतू नाहीत' असाच कागद यायचा. जंतू माझ्या पोटात दडलेले. लघवीत सापडणार कसे?

अखेर बारामतीच्या डॉक्टर राजलक्ष्मींनी ऑपरेशन करून मला बाहेर काढलं. नर्सने माझी डबी बाईंच्या नवऱ्याच्या, संभाजीरावांच्या हाती दिली. "ही लॅबमध्ये पोचवा."

"लॅब काय पळून जात न्हाय," संभाजीराव पुटपुटले. "आदी गावाला दावतो."

पिंपळीच्या पारावर मी या हातातून त्या हातात फिरलो.

"आगागा! बोराएवढा हाय की!"

"मग! सात वरीस बाळगलाय आमच्या मंडळीनं."

एवढं कौतुक आयुष्यात झालं नव्हतं. मी फुगून गेलो.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. बाईंना जोराचा ताप चढला होता, दिलेलं औषध लागू पडत नव्हतं.

"संभाजीराव, खडा कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"हितं हाय, पारावर. माणसं बघत्यात."

"आत्ताच्या आत्ता आणा. कुठलं औषध चालेल, ते त्याच्यातूनच कळेल."

संभाजीरावांचा चेहरा उतरला. "चुकलं माजं. साखर वाचंल न्हवं?"

माझा फुगा तिथेच फुटला. आपण आसरा दिलेल्यांनीच बाईंचा जीव धोक्यात आणलाय, हे मला तेव्हा उमगलं. फार लाज वाटली.

लॅबमध्ये मला स्वच्छ धुतलं आणि खलात कुटलं. दुखलं, पण मी कुरकुरलो नाही. दोन दिवसांत जंतू सापडले, औषध बदललं आणि ताप उतरला.

"अवो, डोळं काय पुसताय?" बाई संभाजीरावांना म्हणाल्या. "भूक लागलीया मला."

मित्रांनो, मी आता चिमूटभर भुकटी आहे, पण मजेत आहे. तुम्ही पाणी भरपूर प्या. आणि घरात कोणाचा खडा निघालाच, तर तो आधी तपासायला द्या. मिरवायचा राहिला तर राहू द्या, माणूस घरी येऊ द्या.