झाकणाच्या आतल्या बाजूला

मी एक जुनी शवपेटी आहे. दचकू नका मित्रांनो, अजून माझ्यात कुणी झोपलेलं नाही, तांदूळ भरलेत. मेकाँग नदीच्या या कालव्याकाठी मला शवपेटी म्हणत नाहीत, 'दीर्घायुष्य' म्हणतात. म्हातारी माणसं जिवंतपणीच पेटी करून घरात ठेवतात, आणि रिकामी कशाला पडू द्यायची म्हणून तिच्यात धान्य साठवतात. त्यामुळे माझा स्वभाव संशयी झालाय. कुणी झाकण उचललं की मी आधी विचार करते, आज भात शिजणार, की आज माझी मालकीण लुआआजी गेली?

सुताराने एकाच झाडाच्या फळ्यांतून आम्हा दोघी बहिणींना घडवलं. थोरली आजोबांची, धाकटी मी आजीची. नव्या वर्षाला आजी मला तेलाने पुसायची आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची. मग आजोबा आजारी पडले, शहरातल्या दवाखान्यात गेले. आमच्याकडे शेवटचा श्वास घरातच सुटावा लागतो. घराबाहेर प्राण सोडलेल्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. म्हणून त्यांचा मुलगा खुओंग त्यांना नावेतून घरी घेऊन आला, घशातल्या नळीला जोडलेला हवेचा फुगा वाटभर दाबत. पलंगावर ठेवलं, फुगा थांबला, श्वासही थांबला. मुलगा असावा तर असा, असं गाव म्हणालं. आजी मात्र नवऱ्याची मनगटं बघत बसली होती. त्यांनी नळी उपसू नये म्हणून दवाखान्यात हात बांधले होते. त्याचे वळ अजून होते.

आजोबांच्या पुढच्या श्राद्धाला, पंगत उठल्यावर, आजीने माझ्यातले तांदूळ काढायला लावले. झालं, भरले हिचे दिवस, मी म्हटलं. पण तिने झाकण उलटं केलं आणि लाल रंगात ब्रश बुडवून आतल्या बाजूला लिहायला बसली. खुओंगला वाटलं, जमिनीची वाटणी चाललीय. त्याच्या धाकट्या बहिणीनेच, न्यानने, आईचे कान भरलेत अशा नजरेने तो तिच्याकडे बघत होता. खोटं कशाला बोलू, मलाही तोच संशय आला.

मग आजीने लिहिलेलं वाचून दाखवलं: 'मला बोलता येत नसेल आणि बरं होण्याची आशा नसेल, तर घशात नळी घालू नका. हात बांधू नका. दुखणं शमेल तेवढं औषध द्या. माझ्या वतीने खुओंग बोलेल.'

खुओंगचा चेहरा उतरला. "आई, मीच का? मी तुला घरीच आणेन ना, बाबांसारखं."

"आणू नकोस रे. घरातून नेऊच नकोस."

"लोक म्हणतील, पोराने आईला मारलं."

"म्हणतीलच. म्हणून तर इथं लिहिलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना कागद दिलाय, पण तो गावाला कोण दाखवणार? मला शेवटचं बघायला येतील तेव्हा झाकण उघडंच असेल. वाचू देत."

खुओंग उठून निघून गेला. तांदूळ परत माझ्यात आले, आणि माझी झोप उडाली. हा एक दिवस येऊन अक्षरं खरवडणार, अशी माझी खात्रीच झाली होती. आणि आला की तो एका दुपारी, घरात कुणी नसताना, हातात ओलं फडकं घेऊन. आलास ना शेवटी, मी मनात म्हटलं.

त्याने अक्षरांवर बसलेला तांदळाचा कोंडा पुसला. फिकी पडलेली अक्षरं रंगाने पुन्हा गिरवली. मग खाली त्याने लिहिलं: 'ऐकलं. खुओंग.'

मित्रांनो, तरी माझा पुरता विश्वास नाही. ऐन वेळी माणूस घाबरतो. म्हणून सांगते, आपल्या म्हाताऱ्यांना कुठे निजवायचं तेवढंच विचारू नका. त्याआधी काय नको, तेही विचारा, आणि ते बोलतील तेव्हा उठून जाऊ नका. आता झाकण लावा. आजी येतेय, तिला भाताला तांदूळ हवेत.