ओठाच्या कोपऱ्यापर्यंत

आपोलिना टीचर एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर धनुष्यबाण शिकू लागल्या. कुडाळच्या बाजारात त्यांना गुरुदास भेटला होता. त्यांचाच जुना विद्यार्थी, गणितात दोनदा नापास झालेला. नोकरीसाठी बाहेर असताना तो पारंपरिक तिरंदाजी शिकला होता आणि आता कसालजवळच्या आपल्या काजूच्या बागेमागे रविवारी आणि बुधवारी सकाळी शिकवत होता. धनुष्यं बांबूची, त्यानेच तासलेली.

"माका जमात?" टीचरांनी विचारलं.

"येवन बघा," तो म्हणाला. त्या खरंच येतील असं त्याला वाटलं नव्हतं.

घरी नवरा होता, रोनाल्ड. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. काठी घेऊन तो घरातल्या घरात फिरायचा, आपलं आपण जेवायचा. मात्र शब्द त्याच्याकडे फार सावकाश येत. टीचर दोन तास बाहेर गेल्या तर त्याचं काही अडत नव्हतं, पण त्यांचा जीव घरात असायचा.

पहिला महिना झकास गेला. पेंढ्यांच्या भाऱ्यावर डकवलेल्या कागदाला बारापैकी पाच-सहा बाण लागायचे. टीचर रात्री मोबाइलवर तिरंदाजीचे व्हिडिओ बघत आणि वहीत कोन काढत. मग काय बिघडलं कोण जाणे, बाण भरकटू लागले. एक डावीकडे, एक जमिनीत, एक भाऱ्यावरून थेट काजूत. दोरीचा फटका बसून डाव्या हातावर काळानिळा वळ उठला.

"माझे डोळे गेले रे आता," त्या म्हणाल्या.

"डोळ्यांचो काय संबंध नाय," गुरुदास म्हणाला. त्याने त्यांचं मोबाइलवर चित्रण केलं होतं, ते हळू करून दाखवलं. "ह्यां बघा. बाण सुटता तेव्हा हात खंय आसा?"

टीचरांनी चष्मा पुसून पाहिलं. दोरी ओढणारा उजवा हात ओठाच्या कोपऱ्यापर्यंत यायला हवा, तिथे टेकून क्षणभर थांबायला हवा, हे त्यांना तोंडपाठ होतं. पडद्यावरच्या बाईचा हात चार बोटं अलीकडेच सुटत होता. शिवाय बाण सुटायच्या आत तिचा डावा हात खाली पडत होता आणि मान पुढे जात होती, बाण कुठे लागतो ते बघायला.

"सगळे बाण असेच?"

"सगळे."

गुरुदासने भाऱ्यावरचा कागद काढून घेतला. त्यांना हलकं, लहान धनुष्य दिलं आणि भाऱ्यापासून तीन पावलांवर उभं केलं. "आता डोळे मिटा. दोरी ओढा, ओठाकडे टेका, मनात तीन मोजा आणि बोटां सैल सोडा."

"मगे बाण खंय लागलो तां कसां कळतलां?"

"कळाची गरज नाय. हात खंय थांबलो तेवढां कळलां तरी पुरे."

"आणि ह्यां किती दिवस?"

"हाताक कळापर्यंत." तो जरा घुटमळला, मग बोलून गेला. "टीचर, रागावू नकात. तुमी शाळेत पण असांच करत होतास. पोरगो फळ्याकडे अडाकलो की त्याच्या हातातलो खडू घेवन गणित सोडवन टाकीत होतास. माझो खडू तर कितीतरी वेळा घेतलात."

टीचरांनी हातावरच्या वळावर बांधलेली चामड्याची पट्टी सोडली, धनुष्य काजूच्या झाडाला टेकवलं आणि रिक्षा पकडली. पुढच्या बुधवारी त्या गेल्या नाहीत. त्या रविवारीही नाही. रोनाल्डला सांगितलं, खांदा दुखतो.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्या घरापुढच्या खळ्यात कपडे वाळत घालत होत्या. दोन्ही हातांत ओली चादर, दातांत दोन चिमटे. रोनाल्ड पायरीवर बसला होता.

"तू..." तो म्हणाला.

एरवी त्यांनी लगेच विचारलं असतं, चहा होयो? गोळी? उन्हात बसलास म्हणून? आणि तो मान हलवून गप्प झाला असता. पण तोंडात चिमटे होते आणि चादर सोडली तर मातीत पडली असती.

"तू... जायत नाय... बाण मारूक." तो थांबला. कपाळावर आठ्या आल्या. टीचरांनी त्याच्याकडे पाहिलं. "तेव्हापासून... माका... पेपर... वाचूक गावना नाय."

त्यांनी चादर दोरीवर टाकली, चिमटे काढले. "पेपर रोज तुझ्यासमोर आसता."

"मोठ्यान." तो परत थांबला. यावेळी त्या मुद्दाम काही बोलल्या नाहीत. शेजारच्या परसात कोणीतरी विहिरीवर घागर भरत होतं, ती भरून होईपर्यंत तो शब्द शोधत राहिला. "मोठ्यान वाचतंय. एकटो. तू असलंस... की तू... पुढचो शब्द... सांगतस."

टीचर त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. दोन वर्षांत त्यांनी किती शब्द पुरवले असतील आणि त्यातले किती त्याला नको होते, याचा हिशेब त्यांना लागेना. मग त्यांनी विचारलं, "कितको वाचून होता?"

"एक... बातमी," रोनाल्ड म्हणाला आणि हसला.

त्या रविवारी त्या बागेत गेल्या. गुरुदासने ते लहान धनुष्य पुढे केलं. टीचर भाऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे मिटले. पहिले कित्येक बाण आधीच सुटले. हात ओठाशी पोचायच्या आत बोटांना कसली घाई व्हायची, ते त्यांना आता आतून जाणवत होतं. न थांबण्याची सवय किती जुनी आहे हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे ती लगेच जाईल अशी आशा त्यांनी धरली नाही. आंब्यांना मोहोर आला तरी त्या तीन पावलांवरच होत्या. मग हळूहळू अंगठ्याला जबड्याचं हाड ओळखू येऊ लागलं. खांद्यामागे, पाठीत, एक ताण भरायचा आणि तो भरल्यावर बोटं आपोआप सैल व्हायची.

मार्चमध्ये गुरुदासने भाऱ्यावर पुन्हा कागद लावला आणि त्यांना दहा पावलांवर नेलं. सहा बाण दिले. पहिले दोन कागदात, तिसरा पेंढ्यात. चौथा भाऱ्याला न शिवता वरून गेला आणि काजूच्या पाचोळ्यात कुठेतरी सरपटला.

गुरुदासने तोंड उघडलं, पण टीचर आधीच म्हणाल्या, "डावो खांदो वर चढलो."

"हो."

"आणि तीन मोजूक नाय. दोनच मोजलंय."

त्यांनी उरलेले दोन बाण सावकाश मारले. मग हातात काठी घेतली आणि पाचोळा चाळवत चौथा बाण शोधायला गेल्या.