दोन बोटं ढील

तिने बॉनेट उचलून काठी लावली आणि कार्ब्युरेटरकडे जाणारी ॲक्सिलरेटरची केबल चिमटीत धरून वर ओढली. बाबा दार उघडं टाकून स्टिअरिंगपाशी बसले होते. शेजारी आई, मांडीवर पर्स घेऊन, फिरायला निघायच्या तयारीत.

चढावर गाडी धापा टाकते, अशी बाबांची तीन महिने तक्रार होती. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीचं दुखणं सापडू नये याचं तिला आधी नवल वाटलं, मग हायसं वाटलं. कारण ते दुखणं तिनेच लावलं होतं. मधुमेहाने बाबांचे पाय बधिर झाले होते. एकदा तर एक चप्पल वाटेत कुठे निसटली, हे त्यांना घरी आल्यावर कळलं. पण गाडी बंद करा म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. आईला आता लेकीचं नावही आठवत नसे. दिवसभर ती या खोलीतून त्या खोलीत कासावीस फिरायची आणि रविवारी बाबांनी गाडीतून तळ्यापर्यंत नेऊन आणलं की तेवढी शांत व्हायची. दुसरं कुणी न्यायला आलं तर गाडीत पाऊल ठेवायची नाही. म्हणून लेकीने गुपचूप केबल दोन बोटं ढिली करून ठेवली होती. पेडल तळाला टेकलं तरी गाडी सायकलवाल्याला जेमतेम मागे टाकायची. बाबा कुरकुरले की ती तपासल्याचं नाटक करायची आणि हात पुसत म्हणायची, जुनी झाली गाडी, चालायचंच.

आज ढील चार बोटं होती.

तिने वाकून पाहिलं. केबल आवळायच्या नटावर लाल रेघ होती. काम संपलं की नटावर नेलपॉलिशची रेघ ओढायची ही बाबांची सवय. मागाहून कुणी नट हलवला तर रेघ तुटलेली दिसते. गॅरेजातल्या त्या बाटलीवरून गिऱ्हाइकांनी त्यांची कमी थट्टा केली नव्हती. तिने आपल्या चोरीवर अर्थातच रेघ ओढली नव्हती. ही ताजी होती आणि थोडी वाकडी गेली होती.

ती दाराशी गेली.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“उस्ताद, तुला पाना धरायला कुणी शिकवलं?”

मग त्यांनी सांगितलं, कुणा दुसऱ्याच्या गाडीबद्दल सांगावं तसं. गेल्या रविवारी रेल्वेचं फाटक बंद होतं. त्यांना वाटलं, पाय उचलला. गाडी मात्र पुढेच जात राहिली आणि फाटक हातभर उरलं तेव्हा हँडब्रेक ओढावा लागला. घरी आल्या आल्या त्यांनी स्वतःच आणखी दोन बोटं सोडली होती.

तिला फार वाईट वाटलं. आपण त्यांना फसवलं याचं होतंच. त्यांनी इतके दिवस मुकाट्याने फसवून घेतलं, याचं जास्त वाटलं.

“आजच्या रविवारपासून तू चालव,” बाबा म्हणाले. “मी मागे बसेन. बोलत राहीन. माझा आवाज आला की बसून राहील ती.”

“नाही राहिली तर?”

बाबांनी आईच्या पर्सचं उघडं राहिलेलं बटण लावलं.

“आधी केबल ताणून घे. तुला सैल काय कामाची?”

तिने पाना लावला. रेघ तुटली. ढील काढून तिने नट आवळला. आता पेडल पूर्ण दाबल्यावर कार्ब्युरेटरचा लिव्हर पूर्ण उघडतो का, एवढंच बघायचं उरलं. तिने लिव्हरवर बोट ठेवलं.

“दाबा बाबा. पूर्ण.”

“दाबलंय.”

लिव्हर हलला नव्हता.

“दाबलंय गं. दिसलं का?”

बोट तसंच ठेवून तिने बाजूला झुकून उघड्या दारातून पाहिलं. बाबा समोर बघत होते. जोर लावल्याने त्यांच्या कपाळाची शीर वर आली होती. त्यांचा बूट पेडलच्या शेजारी, चटईवर घट्ट रोवलेला होता.

आईने पर्स बाजूला ठेवली. ती आडवी वाकली, दोन्ही हातांनी त्यांचा बूट उचलून तिने पेडलवर ठेवला आणि रोजचंच काम असल्यासारखं गुडघ्यावर थोपटलं.

“हं, चला आता,” ती म्हणाली.

लेकीच्या बोटाखालचा लिव्हर शेवटपर्यंत फिरला.