निळी फीत

अंबरीशने खिडकीची काच अर्धी सरकवली आणि हात तसाच चौकटीवर राहिला. समोरच्या क्लासच्या जिन्यावरून पुनम उतरत होती. शेवटच्या पायरीवर तिने गळ्यातली निळी फीत काढली, ओळखपत्राभोवती गुंडाळली, दप्तराच्या तळाशी कोंबली आणि इकडेतिकडे बघून सायकलचं कुलूप काढलं.

"सर, ऐकताय ना?" मागून सत्यमने विचारलं.

"ऐकून राहिलोय. बोल तू."

निळी फीत समोरच्यांची. अंबरीश आणि बसवराज यांच्या क्लासची पिवळी. आणि पुनम ही बसवराजची एकुलती एक लेक. पोरगी गर्दीत बावरते, म्हणून अकरावीचं घरीच शिकवतो, असं तो जूनपासून सांगत आला होता.

लातूरच्या ह्या गल्ल्यांत मास्तरची पत त्याच्या फलकावरून ठरत नाही, त्याच्या पोराच्या गळ्यातल्या फितीवरून ठरते. हलवाई स्वतःची मिठाई खात नाही, ते लोक चालवून घेतात. पण मास्तरचं पोर दुसऱ्याच्या बाकावर दिसलं, की दुसऱ्या दिवशी चार पालक फीची पावती घेऊन दारात.

आणि मुहूर्त तरी कसला साधला होता! थोड्याच वेळात नांदेडचे सिद्रामप्पा येणार होते. त्यांचा हॉल घेऊन तिथे दुसरी शाखा काढायची, दोघांनी सारखी रक्कम घालायची, असं ठरलं होतं. कागद टेबलावर होते, फक्त सह्या बाकी. अंबरीशच्या वाट्याची रक्कम अमेरिकेच्या बाजारात, एका ईटीएफमध्ये होती. शेकडो कंपन्यांचे शेअर एका गाठोड्यात बांधायचे आणि त्या गाठोड्याचे तुकडे शेअरसारखे विकायचे, असा तो फंड. त्या फंडाचं शॉर्ट इंटरेस्ट दुप्पट झाल्याचं अंबरीशने सकाळी वाचलं होतं. म्हणून त्याने सत्यमला बोलावून घेतलं होतं. शिरूर अनंतपाळचा हा जुना विद्यार्थी आता मुंबईत फंडांच्याच धंद्यात होता आणि बहिणीच्या लग्नासाठी गावी आला होता.

"असं आहे, सर," सत्यमने खुर्ची पुढे ओढली. "दुसऱ्याचे युनिट उसने घ्यायचे, आज विकून टाकायचे आणि पुढे बाजारातून घेऊन ज्याचे त्याला परत करायचे. मधे भाव पडला तर फरक आपल्या खिशात. असे उसने घेऊन विकलेले, अजून परत न केलेले युनिट किती, तो आकडा म्हणजे शॉर्ट इंटरेस्ट."

"म्हणजे इतके लोक फंड बुडायची वाट बघत बसलेत."

"एकट्या कंपनीचा शेअर असता तर बरेचदा हो म्हणालो असतो. फंडाचं निराळं आहे. ह्या विकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांकडे त्याच गाठोड्यातले शेअर असतात, ढिगाने. बाजार पडला तर पहिला मार त्यांनाच. म्हणून ते फंड उसना घेऊन विकून ठेवतात. इकडे गेलं तर तिकडे थोडं हाती लागतं. ती पैज नसते, सर. विमा असतो."

"आणि खरोखर वाईट चिंतणारे?"

"तेही असतात की. आकड्यात दोघांची बेरीज. त्यात तो पंधरवड्याने निघतो, आपल्या हाती येईपर्यंत शिळा झालेला."

"मग कोण कसला, ते ओळखायचं कसं?"

"नुसत्या आकड्यावरून नाही ओळखता येत. त्या माणसाचं आणखी कशात काय गुंतलंय, ते माहीत पाहिजे."

अंबरीशने रस्त्याकडे पाहिलं. सायकल गेली होती.

"मग संध्याकाळी तिकडचा बाजार उघडला की विकू का नको?"

"हॉल घ्यायचाय म्हणून विका. आकड्याला भिऊन विकू नका."

सत्यम पाया पडून निघाला, तोच दारात बसवराज. हातात फोन, कपाळावर घाम, चेहऱ्यावर लग्नघरातली घाई.

"आप्पांची गाडी गंजगोलाईच्या बाजारात अडकलीय. चहा आत्ता सांगू, का त्यांच्यासंगंच घ्यायचा?"

"बसा, बसवराज सर."

बारा वर्षांत दोघांत 'अरे-तुरे'च होतं. बसवराज बसला नाही.

"बसा? का रे, कोण मेलं?"

"पुनम कुठल्या क्लासला जाते?"

बसवराजने फोन सावकाश शर्टाच्या खिशात ठेवला. खोटं बोलायचं असतं तर तेवढ्यात सुचलं असतं.

"समोर."

"कधीपासून?"

"जूनपासून. सांगणारच होतो तुला. आज सही झाली की."

"सही झाली की!" अंबरीश हसला, पण डोळे हसले नाहीत. "अक्षता पडल्यावर सांगायचं, नवरा आंधळा आहे म्हणून. वा! आपण पालकांना शपथेवर सांगून राहिलो, आमच्याइतकं चांगलं लातुरात कोणी शिकवत नाही. आणि तुमचं लेकरू निळी फीत घालून समोर!"

"हळू बोल. बॅच चालू हाय."

"भरवसा नाही तर नांदेडला कशाला निघालात? मला बुडवायला जोडीदार पाहिजे म्हणून?"

बसवराजच्या मानेची शीर ताठ झाली. "भरवसा? औशाचं माझं शेत कुठं गेलं, ठाव हाय ना तुला? ह्या बाकांत गेलं. ह्या भिंतींबाहेर माझी दमडी न्हाई. तुझे पैसे अमेरिकेत निजतेत. मी कधी इचारलं का, का रं बाबा, तिकडं का?"

अंबरीशचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला आणि अर्ध्यातूनच मागे आला.

"पैसे असतील तिकडे," तो म्हणाला. "माझा आलोक इथं बसतो. पहिल्या बाकावर. अख्खं लातूर बघतं."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

बसवराज आता खाली बसला. खुर्चीच्या पाठीला टेकला नाही.

"भूकंपात मी का वाचलो, ते तुला सांगितलंय."

सांगितलं होतं, एकदा नव्हे, कितीदा. विसर्जनाची मिरवणूक बघायला तो मामाकडे औशाला गेला आणि रात्री तिथेच निजला. धाकटी दोघं भावंडं घरी होती, दगडामातीच्या छताखाली. पुढे चुलत्यांची पोरं, मामाची पोरं, जी कोणी घरात असतील त्यांना गौरम्मा, बसवराजची आई, कधी एका छपराखाली निजू देईना. एक पत्र्याच्या शेडमध्ये, एक शेजाऱ्याकडे. बसवराजने ती खोड उचलली होती. क्लासच्या सहलीला दोन गाड्या निघाल्या की तो पुनमला एकीत बसवी आणि आलोकला दुसरीत. त्याची बायको शिवगंगा आणि अंबरीशची बायको मनस्विनी, दोघी त्याला 'बसवराजची वाटणी' म्हणून हसत. अंबरीशही हसे.

"ह्या क्लासचं उद्या काय, कुणी बघितलंय?" बसवराज टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला. "एक साल निकाल बसला, तर तू-मी कसंबी निभावू. लेकरांचं साल गेलं की गेलं. सगळी लेकरं एका छपराखाली न्हाई ठेवायची."

"सगळी कुठली?" अंबरीशचा आवाज अजून चढलेलाच होता. "तुला तर एकच..."

त्याची नजर आलोकच्या वर्गाकडच्या भिंतीवर गेली.

भिंतीपलीकडे गणिताच्या सरांनी काहीतरी विचारलं. आलोकने उत्तर दिलं, नेहमीसारखं घाईघाईने, सगळ्यांच्या आधी. बसवराजची मान आपोआप तिकडे वळली. ओठ हलले, बोटाने टेबलावर एक आडवी रेघ ओढली.

"वजा इसरला बघ," तो पुटपुटला. "दरवेळी इसरतो."

अंबरीशने कागद जवळ ओढले, कडा जुळवल्या, जुळलेल्याच पुन्हा जुळवल्या. खाली गाडीचं दार आपटलं. सिद्रामप्पांचा खोकला जिना चढू लागला.

"तिकडं फिजिक्सला कोण आहे तिला?" त्याने विचारलं.

"हाय एकजण. लई पळवतो."

"रविवारी घरी पाठवत जा. आलोकसोबत बसवतो दोघांना."

बसवराजने मान हलवली आणि मग थबकला.

"एका खोलीत?"

"दार उघडं ठेवतो," अंबरीश म्हणाला, आणि पाहुण्यांसाठी खुर्ची ओढायला उठला.