उंच मुलींची रांग

"ए चष्मेवाली, तू उंच आहेस. मागे जा."

हे बोललो तेव्हा माझा एक डोळा कॅमेऱ्याला लावलेला होता आणि दुसरा मिटलेला. शाळेच्या अंगणात चाळीस मुली तीन रांगांत बसवायच्या, चौथ्या मिनिटाला त्यांची चुळबुळ सुरू व्हायच्या आत खटका दाबायचा, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत असे सहा वर्ग उरकायचे. अशा वेळी माणूस तोंडाने काय बोलतो याकडे त्याचं लक्ष नसतं. हात काम करतात, जीभ आपली सवयीने चालते.

मुलगी पहिल्या रांगेच्या ऐन मध्यात मांडी घालून बसली होती. जाड भिंगांचा चष्मा, आणि डाव्या भिंगाआड डोळ्यावर चिकटवलेली डॉक्टरांची पट्टी. ती उठली. उठल्यावर सगळ्यांनाच दिसलं की ती मागे उभ्या असलेल्या मुलींच्या खांद्यालाही पुरत नाही. दोघी-तिघी फिसकन हसल्या.

"ती उंच नाहीये, काका," वर्गाच्या बाई म्हणाल्या.

"चष्म्यावर चमक येते हो बाई. फोटो बिघडतो."

"पुढच्या रांगेत अजून चार चष्मे आहेत."

तेव्हा कुठे मी कॅमेऱ्यावरून मान वर केली. बाई पस्तिशीच्या आत-बाहेरच्या असतील. चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, कानशिलापासून थेट हनुवटीपर्यंत, जांभळट लाल डाग. जन्मखूण. सकाळपासून मी त्यांच्याशी बोलत होतो, बाकं कुठे लावायची ते त्यांनाच विचारत होतो. पण बोलताना नजर त्यांच्या हातातल्या हजेरीवर ठेवत होतो. चेहऱ्यांवर पोट भरणारा माणूस मी, आणि एक चेहरा तासभर चुकवत होतो.

"मलाही तुम्ही हेच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. आज कोणता वार आहे हे सांगावं तसं म्हणाल्या. "याच अंगणात. चोवीस वर्षं झाली. तेव्हा वर्गात माझ्याहून बुटक्या दोघीच होत्या."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. तोवर ती छोटी मुलगी निमूटपणे मागे जाऊन एका धिप्पाड मुलीच्या पाठीमागे उभी राहिली होती. चाळीस जणी माझ्याकडे बघत होत्या. आणि मी काय केलं? मी खटका दाबला. एकदा नाही, तीनदा. मग "छान, झालं" म्हणालो. बाईंनी मुलींना रांगेने वर्गात नेलं.

उरलेले पाच वर्ग मी त्या दिवशी काढले नाहीत. मोठ्या बाईंना म्हणालो, ऊन फार कडक झालंय, उद्या येतो. ऊन कालच्याइतकंच होतं.

मी हा धंदा शिकलो एका उस्तादाकडे. त्यांचं नाव फार कमी लोकांना ठाऊक होतं, सगळे उस्तादच म्हणायचे. दोन वर्षं त्यांची तिपाई वाहिली, तेव्हा कुठे त्यांनी कॅमेऱ्याला हात लावू दिला. ते म्हणायचे, "ग्रुप फोटो म्हणजे भिंत, लक्षात ठेव. फुटकी वीट मागच्या थरात घालायची." मी विचारलं होतं, समोरच्याला सांगायचं काय? उस्ताद हसले. "उंच आहेस म्हणायचं. लहान म्हटलं तर पोर रडतं. उंच म्हटलं तर नाचत जातं."

आणि खरोखरच जायची. मला वाटायचं, मी त्यांना वाईट वाटू देत नाही, म्हणजे मी भला माणूस आहे. कुणाचा ओठ जन्मतः फाटलेला, कुणाच्या गालावर भाजल्याचा व्रण, एखाद्याचा गणवेशच इतका विटका की पांढऱ्या रांगेत तो पिवळा डाग दिसावा. सगळे माझ्या लेखी उंच होते. पुढे लग्नं घेऊ लागलो, निवृत्तीचे समारंभ घेऊ लागलो, तिथेही तेच. एका लग्नात नवरीच्या वडिलांचा हात सारखा थरथरत होता, त्यांना मी सोफ्यामागे उभं केलं. फोटो देखणा आला. त्यांनीच माझा हात हातात घेऊन आभार मानले होते. थरथरत्या हाताने.

त्या दुपारी मी सरळ स्टुडिओत आलो. आमचा स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. बाहेर काउंटर, तिथे बायको बसते. आत पडदा, दोन दिवे, एक स्टूल. आतल्या खोलीच्या माळ्यावर जुन्या निगेटिव्हचे पुठ्ठ्याचे खोके आहेत. वर्षवार लावलेले. माणसांच्या बाबतीत कसाही असलो, तरी निगेटिव्हच्या बाबतीत मी काटेकोर आहे. चोवीस वर्षांपूर्वीचा खोका काढला, शाळेचं पाकीट काढलं, काचेखालचा दिवा लावला आणि भिंग घेऊन बसलो.

मनात एक आशा होती, ती सांगतो. एका वर्गाचे मी नेहमी तीन फोटो घेतो. एखाद्या तरी फोटोत, म्हटलं, ती पोर बाजूला डोकावली असेल. पोरं डोकावतातच. तो एक मोठा करून, चौकट घालून बाईंना नेऊन देईन.

पाकिटातल्या नावांच्या यादीवरून वर्ग सापडला, जागाही सापडली. तिसरी रांग, डावीकडून सहावी. पहिल्या फोटोत केसांचा भांग, दोन रिबिनी आणि दोन बोटं कपाळ. दुसऱ्या फोटोत भांग, रिबिनी, कपाळ. तिसऱ्यातही तेच. एका केसाइतकीही ती हलली नव्हती. ज्या जागी उभं केलं, त्या जागी पोर श्वास रोखून उभी राहिली होती. माझं काम चोख होतं.

"काय शोधताय एवढं?" बायको दारात उभी होती. हातात पासपोर्ट फोटो कापायची कात्री.

मी सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. ती ऐकून घेईल, मग म्हणेल, जाऊ द्या हो, तुम्ही काय मुद्दाम केलंत का, अशी माझी अपेक्षा होती. तीस वर्षांत तिने मला असं पुष्कळदा सावरून घेतलंय.

"त्यात नवीन काय?" ती म्हणाली. "मला नाही का तुम्ही तोंड मिटायला लावत?"

"मी? कधी?"

"कधी नाही ते विचारा. 'ओठ मिट, छान दिसतेस.' लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून." बायकोचे पुढचे दोन दात जरा पुढे आहेत. हसली की आधी दात दिसतात, मग हसू. "मागे लेक जुने अल्बम बघत बसली होती. म्हणाली, आई, तू एकाही फोटोत हसलेली नाहीस. तेव्हा बाबांचं आणि तुझं पटत नव्हतं का गं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, तुझ्या बाबांना फोटो काढताना घाई असते. आपलं हसू निघेपर्यंत त्यांचा फोटो निघून जातो." ती कात्रीने फोटो कापत कापतच बाहेर गेली. "आठ झाले हो. पाकिटात घाला, गिऱ्हाईक येईल."

मी आठ फोटो पाकिटात घातले. मनात आलं, कॅमेरा उचलावा, बाहेर जावं आणि म्हणावं, हस बघू. पण ते मनात आल्याचीच लाज वाटली. तिने कधी हसावं हेसुद्धा पुन्हा मीच सांगायचं!

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी जाऊन मी तिपाई लावली. माझ्या तिपाईचा एक पाय ढिला आहे, त्याला चिकटपट्टी गुंडाळलेली असते. ती सोडून नवी गुंडाळली. लेन्स दोनदा पुसली. उरलेले पाच वर्ग काढले, आणि त्या पाच वर्गांत मी कुणालाच जागेवरून हलवलं नाही. मग मोठ्या बाईंकडे गेलो.

"कालचा वर्ग पुन्हा घ्यावा लागेल. कॅमेऱ्यात बिघाड झाला होता."

"तुमच्या कॅमेऱ्यात? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकते," त्या म्हणाल्या आणि शिपायाला वर्गाकडे पिटाळलं. वर्गाच्या बाई तिथेच दाराशी फळ्याचे खडू घ्यायला आल्या होत्या. त्यांनी माझं खोटं ऐकलं. खडूची पेटी उचलली आणि गेल्या.

मुली अंगणात आल्या. मी रात्रभर मनाशी घोकलं होतं तसं मोठ्याने म्हणालो, "ती कालची चष्मेवाली छोटी कुठे आहे? ये बाळा, ये. आज तू मध्ये. अगदी मध्ये, बाईंच्या शेजारी, खुर्चीवर!"

चाळीस माना एकदम वळल्या. मुलगी जागच्या जागी थिजली. कान लाल झाले, हनुवटी छातीला टेकली आणि तिने शेजारच्या मैत्रिणीचं मनगट घट्ट धरलं. मी तिच्याकडे बघून हसत होतो. मला वाटत होतं, आता तिचा चेहरा फुलेल.

बाई चालत माझ्यापर्यंत आल्या. तिपाईच्या अगदी जवळ उभ्या राहून, मुलींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "काका, काल तिच्याकडे बघून तिघी हसल्या. आज तुम्ही सगळ्या वर्गाला तिच्याकडे बघायला लावलंत. हे तुमच्यासाठी चाललंय. तिच्यासाठी नाही."

माझा हात कॅमेऱ्यावर तसाच राहिला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

बाई वळल्या. "मुलींनो, जिने तिने आपापल्या मैत्रिणीजवळ उभं राहायचंय. एकच नियम. कुणी कुणाच्या डोक्याआड जायचं नाही. तुमचा चेहरा तुम्ही सांभाळायचा. चला!"

एकच गलका उडाला. उंच मुली पुढे बसल्या, बुटक्या बाकांवर चढल्या, दोघी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून कडेला तिरक्या उभ्या राहिल्या. चष्मेवाली दुसऱ्या रांगेत, डावीकडच्या टोकाला, मैत्रिणीला बिलगून उभी राहिली. उस्तादांनी बघितलं असतं तर कपाळावर हात मारला असता. भिंत पार कललेली होती.

चष्म्यावर चमक येत होती, हे खरं. मी तिपाई वीतभर उंच केली. चमक गेली. एवढंच करावं लागतं. हे मला तीस वर्षांपासून माहीत होतं.

मुली गेल्यावर बाई हजेरी घेऊन मागे थांबल्या. फोटोखाली छापायची नावं रांगेप्रमाणे सांगायची होती. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. शेवटचं नाव लिहून झाल्यावर मी पेन मिटलं आणि म्हणालो, "काल जुने निगेटिव्ह काढून पाहिले. तिन्ही पाहिले. तुम्ही एकातही दिसत नाही."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "खाली नाव छापलं होतं ना. तिसरी रांग, डावीकडून सहावी. आईने नावावर बोट ठेवलं आणि रांगा मोजत वर गेली. दोनदा मोजलं. म्हणाली, अगं, तू कुठे आहेस? मी म्हटलं, नेमकी बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायला वाकले."

मी मिटलेलं पेन खिशात टाकलं.

"खूप बोलली मला. वर्षातून एकदा फोटो निघतो, पैसे भरलेत, आणि तेव्हाच बरी तुझी नाडी सुटते! अजूनही सांगते ती हा किस्सा, घरी कुणी आलं की. सगळे हसतात. मीही हसते." त्यांनी हजेरी मिटली. "आता तिला खरं सांगून काय करायचंय? तिला तो किस्सा आवडतो."

"बाई, माझं चुकलं," मी म्हणालो. छप्पन्नाव्या वर्षी, शाळेच्या अंगणात, हात खाली सोडून. "फार चुकलं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. उजवी बाजू उन्हात होती. मीही पाहिलं, या वेळी नजर वळवली नाही.

"हो," त्या म्हणाल्या.

पुढे काही म्हणतील म्हणून मी थांबलो. जाऊ द्या म्हणतील, लहानपणीची गोष्ट आहे म्हणतील. पण त्यांना जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं. घंटा झाली. त्या वर्गाकडे गेल्या.

मी कॅमेरा पिशवीत घातला, तिपाई आवळली. फोटोसाठी वर्गातून आणलेली चार बाकं अंगणात तशीच होती. ती परत नेण्याचं काम शिपायाचं. तो आलाही.

"राहू द्या साहेब, मी नेतो."

"नको. मीच नेतो एकेक."

"अहो, तुमची कंबर धरेल!"

"धरू दे."

लाकडी बाकं बरीच जड होती. पहिलं बाक व्हरांड्यापर्यंत दोनदा टेकवावं लागलं. वर्गाच्या दारापाशी पोहोचलो तेव्हा आत शिकवणं सुरू झालं होतं. बाई फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या, पाठ दाराकडे होती. मी बाक धरून तसाच उभा राहिलो. वाक्य पूर्ण झालं, त्या वळल्या, मला पाहिलं आणि मान हलवून आत यायची खूण केली. चाळीस मुलींमधून, खाली बघत, मी ते बाक मागच्या भिंतीकडे नेऊ लागलो. दोन रांगांमधल्या वाटेत एक दप्तर पडलं होतं. मी अडलो. पट्टीवाल्या डोळ्याची ती मुलगी वाकली, तिने दप्तर स्वतःकडे ओढून घेतलं आणि मला जायला वाट करून दिली.