उरलेल्या पॉलिशचं फडकं

आरसेकाकांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि तेच एक पत्र त्यांना तोंडपाठ होतं.

वहीच्या फाडलेल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं ते. ‘तुम्ही माझी मोटरसायकल धुऊन दिलीत त्याच सकाळी, तुमच्या दुकानाजवळच्या पहिल्याच वळणावर मी घसरलो. मागे पत्नी बसली होती. तिच्या कमरेला मार बसला, ती अजून अंथरुणावर आहे. रस्ता कोरडा होता. मी हळू होतो. पण तिचे भाऊ म्हणतात, गाडी जोरात हाणली असणार. आता तीही गप्प असते. मी मनातल्या मनात ते वळण इतक्यांदा घेतलंय की मलाच वाटायला लागलंय, हाणली असेल. गाडीत काही दिसलं होतं का? जे असेल ते कळवा. दोष द्यायला विचारत नाही.’

नऊ महिने झाले होते. पत्र दुकानातल्या फळीवर, कागदाखाली दडवलेलं होतं. दोष द्यायला विचारलं असतं तर काकांनी कदाचित भांडून उत्तर दिलं असतं. पण असं विचारणाऱ्याला काय सांगणार?

कारण काय दिसलं होतं ते काकांना ठाऊक होतं. गाड्या धुण्याच्या धंद्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. त्यांनी पुसलेल्या टाकीत बघून भांग पाडावा म्हणून तर लोक त्यांना आरसेकाका म्हणत. टायरचं पॉलिश फक्त बाजूंना लावायचं असतं, रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण बाजू झाल्या की फडक्यात थोडं पॉलिश उरायचं. ते फेकणं त्यांच्या जिवावर येई. मग चाक फिरवत ते फडकं नक्षीवर टेकवून घेत. टायर कसा नवाकोरा दिसे! वीस वर्षं काही बिघडलं नव्हतं. बहुतेक गिऱ्हाइकं सरळ मोठ्या रस्त्याला लागत, आणि पुढच्या मैल-दोन मैलांत रस्ताच ते पुसून टाकी. हा गृहस्थ तेवढा पन्नास पावलांवर डावीकडे वळला.

पत्र आलं त्या दिवसापासून काकांनी फडकं फिरवणं सोडलं. सांगितलं मात्र कोणालाच नाही. दुकानात हाताशी असणाऱ्या बायकोलाही नाही. “एवढं ओलं फडकं फेकता? राजे झालात का?” असं तिने विचारलं, तेव्हा ते नुसते हसले होते. तिला कारण सांगायचं तर पत्र दाखवावं लागलं असतं.

त्या सकाळी ते नवे ब्रश घेऊन परतले, तर बायको हात पुसत उभी होती. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

“लेक येऊन गेली तुमची. काय ती गाडी, चिखलाचा गोळा नुसता! म्हटलं, आरशाची पोर अशी ऑफिसला जाणार? लख्ख करून दिली. चाकं तर काळीभोर.”

“बाजूच केल्यास ना?”

“बाजूच कशा? वरूनही फडकं फिरवलं की. तुम्ही आळशी झालात म्हणून मी पण व्हायचं?”

“कधी गेली?”

“ही काय, आत्ता. अहो, काय झालं? अहो!”

लेकीचं ऑफिस डाव्या हाताला होतं. काकांच्या हातातले ब्रश खाली पडले. पासष्टीचा माणूस, चप्पल एका पायात, धावत सुटला.  अलीकडूनच त्यांना वळणावर लोक जमलेले दिसले.

गाडी आडवी पडली होती. मागचं चाक उन्हात चमकत होतं. लेक रस्त्याच्या कडेला बसली होती. कोपर सोलवटलेलं, तळहातातून रक्त. जिवंत होती. काका तिच्याशेजारी मटकन बसले.

“हाणली असणार,” दूधवाला म्हणाला. “हल्ली सगळ्यांनाच विमान चालवायचंय.”

“नाही हो, हळू होते मी,” लेक म्हणाली. मग वडिलांकडे वळली. “खरंच हळू होते, बाबा. म्हणजे... वळताना थोडी जास्त होती का? कोण जाणे. असेल.”

काकांना फळीवरचं ते पत्र आठवलं. हेच शब्द. अशीच, थोडी थोडी करून, त्या माणसाचीही खात्री गळून पडली असेल.

समोरचा शिंपी भला माणूस. तो म्हणाला, “वाळू असेल हो इथे. काका, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?”

वाळू म्हटलं असतं तर काका सुटले असते. काकांनी चाकाच्या नक्षीवरून बोट फिरवलं. बोट लोण्यावरून जावं तसं सरकलं.

“वाळू नाही,” ते म्हणाले.  “पॉलिश आहे. माझ्या दुकानातलं. पोरीची काही चूक नाही.”

धापा टाकत आलेल्या बायकोने ते ऐकलं. “मी लावलं ते! मी लावलं हो माझ्या पोरीच्या गाडीला!”

“तू माझं बघून शिकलीस. त्याने काय होतं ते मला माहीत होतं. नऊ महिने.”

“माहीत होतं?” तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मान खाली घातली. “आणि मला सांगितलं नाहीत?”

परतताना ती लेकीला धरून पुढे चालली. लेकीच्या हाताला पट्टी बांधली, आणि मग साबणाचं पाणी घेऊन चाकाशी बसली. काका ताठ केसांच्या ब्रशने नक्षीच्या खाचा घासत होते, ती पाणी ओतत होती. एकदा, दोनदा, तीनदा. कोरड्या फडक्याने पुसून काकांनी अंगठा दाबून ओढला. सरकला. पुन्हा घासलं.

“बाबा, साल निघेल आता टायरची,” लेक म्हणाली.

पाचव्या वेळी अंगठा जागच्या जागी अडकला. तेव्हा काका उठले, फळीवरचं पत्र काढलं आणि बायकोच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं.

“लिहा,” एवढंच म्हणाली.

तीन कागद फाडले. पहिल्यात माफीच माफी होती, दुसऱ्यात वीस वर्षांची कारणं. तिसऱ्यात काय होतं ते त्यांना पुन्हा वाचवेना. चौथ्यावर लिहिलं: ‘तुम्ही हळू होता. मी टायरच्या नक्षीवर पॉलिश लावलं होतं, म्हणून गाडी घसरली. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पत्र पत्नीला आणि मेहुण्यांना दाखवा. बोलवाल तर येईन आणि त्यांच्यासमोर हेच सांगेन.’

खाली टोपणनाव नाही, पूर्ण नाव घातलं.

नऊ महिन्यांत तिथे काय काय मोडलं असेल, आणि या चार ओळींनी त्यातलं काय सांधणार, कोणास ठाऊक. टपालपेटीपाशी काकांचा हात थांबला. बायको मागेच उभी होती. तिने घाई केली नाही, धीरही दिला नाही. पेटी गच्च भरली होती. पाकीट अर्धं बाहेरच राहिलं. काकांनी ते दोन बोटांनी आत ढकललं.